वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरचा त्रास आणि कायदा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ऑनलाइन संवादातून होणाऱ्या त्रासाविषयीची पत्रे आता इतकी असतात, की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखिकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले असून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. त्याआधी घडलेल्या कृत्यांना मात्र जुनी संहिताच लागू पडते. पुढील उत्तरांत न्याय संहितेची कलमे नव्या क्रमांकांनी दिली आहेत, पण ती पाठ करण्याची गरज नाही. कोणी, केव्हा, कोणत्या क्रमांकावरून किंवा खात्यावरून काय केले हे तक्रारीत नेमके लिहिले, की कलम लावणे हे पोलिसांचे काम आहे. कलमांनी भरलेल्या पण घटनांनी रिकाम्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या फारशा पुढे जात नाहीत.

प्रश्न : माझे लग्न ठरण्याच्या गोष्टी एका ठिकाणी चालल्या होत्या, त्या आमच्या बाजूने मोडल्या. तेव्हापासून तो मुलगा वेगवेगळ्या क्रमांकांवरून संदेश पाठवतो. मी एक क्रमांक ब्लॉक केला की दुसरा येतो. सुरुवातीला मी सौजन्य म्हणून उत्तरे दिली होती. पोलीस ठाण्यात ‘ब्लॉक करा, क्रमांक बदला’ एवढेच सांगण्यात आले. माझ्याच उत्तरांमुळे माझी बाजू लंगडी झाली आहे का?

उत्तर : नाही. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवूनही जवळीक साधण्यासाठी तिच्या मागे लागून वारंवार संपर्क करणे किंवा तसा प्रयत्न करणे, तसेच ती इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा वापर कसा करते यावर पाळत ठेवणे, हा न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत, तर पुढच्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. या व्याख्येचा सारा भार ‘स्पष्ट अनिच्छा’ आणि ‘वारंवार’ या दोन गोष्टींवर आहे. आधी काही दिवस नीट बोललेल्या स्त्रीला नंतर नकार देता येत नाही, असे कायदा कुठेही म्हणत नाही. मात्र नकार कोणत्या दिवशी दिला हे दाखवता आले पाहिजे. तुम्ही आजवर तो शब्दांत दिला नसेल, तर ‘मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे, यापुढे संदेश पाठवू नका’ एवढाच एक संदेश पाठवा आणि त्यानंतर एकाही संदेशाला उत्तर देऊ नका. रागाच्या भरात लिहिलेले चार शब्द पुढे उलटतपासणीत तुमच्यासमोरच ठेवले जातात.

ब्लॉक करण्यापूर्वी संपूर्ण संवाद तारीख, वेळ आणि क्रमांक दिसतील अशा रीतीने जतन करा. मनस्ताप नको म्हणून सगळे पुसून टाकण्याचा मोह समजण्यासारखा असला, तरी प्रकरणाचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.

पोलीस ठाण्यातील उत्तराविषयी सांगायचे, तर पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे आणि तो नोंदवून घेणे बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी माहिती नोंदवावी लागते, ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते (मात्र तीन दिवसांत सही करावी लागते), आणि अशा गुन्ह्यांत स्त्रीने दिलेली माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ‘आधी चौकशी करू’ असे सांगितले गेले, तर तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने तशी प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक असू द्या. पहिल्या वेळचा हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे अटक झाली तरी तो माणूस लवकर बाहेर येऊ शकतो. त्यानंतरच्या प्रत्येक संदेशाची वेगळी नोंद ठेवा आणि ती तपास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

प्रश्न : माझ्या पूर्वीच्या मित्राकडे माझी काही खासगी छायाचित्रे आहेत. ती मीच त्याला पाठवली होती. आता तो ती माझ्या घरच्यांना आणि कार्यालयात पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागतो आहे. छायाचित्रे मीच पाठवल्यामुळे मीच गुन्हेगार ठरेन, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : तो हे म्हणतो आहे, कारण तुम्ही गप्प राहणे हीच त्याची सारी भिस्त आहे. न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये नेमक्या याच परिस्थितीसाठी स्पष्टीकरण दिलेले आहे. स्त्रीने चित्रण करण्यास संमती दिली असली तरी ते तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवण्यास संमती दिलेली नसेल, तर ते पुढे पाठवणे हा गुन्हा होतो, आणि पहिल्या दोषसिद्धीलाही किमान एक वर्षाचा कारावास ठरलेला आहे. म्हणजे तुमची संमती होती की नव्हती, एवढा एकच प्रश्न कायदा विचारत नाही. संमती कशासाठी होती आणि कुठे संपत होती, हेही तो विचारतो. हे कलम विवस्त्र किंवा केवळ अंतर्वस्त्रांतील अवस्था, स्नानगृह वा शौचालयातील क्षण आणि लैंगिक कृती अशा खासगी प्रसंगांपुरते आहे. त्याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ई (खासगी अवयवांचे संमतीवाचून चित्रण वा प्रसारण, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही) आणि कलम ६७अ (लैंगिक कृतीचे प्रसारण, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड) लागू शकते.

छायाचित्रे अजून कुठेही गेलेली नसली, तरी वाट पाहण्याचे कारण नाही, कारण धमकी हाच स्वतंत्र गुन्हा आहे. भीती घालून पैसे उकळणे ही कलम ३०८ नुसार खंडणी होते. पैसे हाती पडण्यापूर्वीच, ते उकळण्यासाठी भीती घालणेही त्याच कलमाखाली शिक्षापात्र आहे. कलम ३५१ मध्ये स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि धमकी निनावी असेल तर आणखी दोन वर्षांपर्यंत. ही तरतूद तक्रारींत फार क्वचित उद्धृत होते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पैसे देऊ नका. दिले असतील, तर ती व्यवहाराची नोंद पुरावा म्हणून जपा. दिल्याची लाज बाळगून ती लपवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि १९३० या क्रमांकावरही मदत मिळते, परंतु संकेतस्थळावरील नोंद म्हणजे प्रथम माहिती अहवाल नव्हे, म्हणून पोलीस ठाण्याशी संपर्क चालू ठेवा. छायाचित्र कुठे झळकलेच, तर संबंधित कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे स्वतः तक्रार करा. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आले तेव्हाच अशा मजकुराबाबत तक्रार मिळाल्यापासून २४ तासांच्या आत तो हटवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले गेले, आणि त्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागत नाही. याखेरीज २०२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधील एका संस्थेने सुरू केलेली ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी उपलब्ध आहे. तीत तुमचे छायाचित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा केवळ एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तेच चित्र आपल्या माध्यमावर रोखतात. धमकी मिळताच, प्रसारणापूर्वीच, ती वापरता येते हा तिचा खरा लाभ आहे.

प्रश्न : माझ्या नावाने कोणीतरी बनावट खाते उघडून त्यावर माझा चेहरा जोडलेली अश्लील चित्रे टाकली. मी स्क्रीनशॉट घेतले, कंपनीने खाते बंद केले. आता स्क्रीनशॉट हा पुरावा होत नाही असे एकाने सांगितले. मग मी काय दाखवू?

उत्तर : खाते लवकर बंद झाले हे चांगलेच झाले, पण पुराव्याचा प्रश्न त्यामुळे थोडा कठीण होतो, आणि म्हणून हे उत्तर इतर वाचकांनीही लक्षात ठेवावे. केवळ चित्र नव्हे, तर त्या खात्याचा आणि त्या नोंदीचा संपूर्ण दुवा उतरवून ठेवायचा असतो, कारण दाखवायचे नाव कोणालाही बदलता येते. पोलीस कंपनीकडे माहिती मागतात ती दुव्याच्या किंवा खात्याच्या ओळखीच्या आधारे. खाते बंद झाले म्हणून कंपनीकडील नोंदी त्याच क्षणी नष्ट होत नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार हटवलेल्या मजकुराशी संबंधित नोंदी तपासासाठी १८० दिवस जपण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. म्हणून या मुदतीतच गुन्हा नोंदवून घ्या.

स्क्रीनशॉट पुरावा होत नाही, हे अर्धवट सत्य आहे. मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नाही आणि केवळ छापील प्रत दाखवली, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र सोबत द्यावे लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुन्या कायद्यातील याच स्वरूपाच्या तरतुदीविषयी, असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मात्र उपकरणाच्या मालकाने स्वतः साक्ष देऊन मूळ उपकरणच सादर केले, तर त्याची गरज नसल्याचेही स्पष्ट केले. व्यवहारात याचा अर्थ असा, की ज्या फोनवर तुम्ही हे पाहिले आणि टिपले तो विकू नका, बदलून देऊ नका, त्याची मूळ स्थिती पूर्ववत करू नका. प्रकरण संपेपर्यंत जुना फोन सांभाळणे कंटाळवाणे असते, पण फोन बदलल्यामुळे अडलेली प्रकरणे काही कमी नाहीत.

दुसऱ्याची ओळख वापरणे आणि तोतयेगिरीने फसवणूक करणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६सी आणि ६६डी आहेत, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे. प्रतिष्ठेला धक्का देण्यासाठी बनावट इलेक्ट्रॉनिक अभिलेख तयार करणे न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये बसते. चित्र कात्री लावून जोडले की कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतले, याने गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर एक सदस्य मला उद्देशून घाणेरड्या भाषेत लिहितो. गटप्रमुख त्याला काढत नाही. दोघांवरही गुन्हा दाखल होईल का?

उत्तर : लिहिणाऱ्यावर होऊ शकेल, गटप्रमुखावर बहुधा नाही. जवळजवळ अशाच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले, की गटप्रमुखाला सदस्य घालण्या-काढण्यापलीकडे मजकुरावर नियंत्रण नसते. म्हणून आधीपासून संगनमत किंवा समान हेतू असल्याचे दिसल्याखेरीज दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. निर्णय कायद्याला धरून आहे. माणुसकीच्या दृष्टीने मात्र गप्प बसणाऱ्या गटप्रमुखाचे मी समर्थन करणार नाही, आणि संस्थेच्या समितीकडे त्याच्याविषयी लेखी तक्रार करण्यास काहीच आडकाठी नाही.

लिहिणाऱ्याच्या बाबतीत मजकूर नेमका काय आहे हे महत्त्वाचे. नुसते उद्धट, अपमानास्पद किंवा त्रासदायक लिहिणे हा आता स्वतंत्र सायबर गुन्हा राहिलेला नाही. तसे म्हणणारे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. मजकूर लैंगिक स्वरूपाचा असेल तर न्याय संहितेचे कलम ७५, स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने लिहिलेला असेल तर कलम ७९, आणि अश्लील असेल तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ लागू शकते. लिहिलेले शब्द हे ‘उच्चारलेले’ नव्हेत, असा बचाव पूर्वी घेतला जात असे. एकाच गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या स्त्रीला पाठवलेल्या ईमेलच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो फेटाळला आणि जुन्या कलम ५०९ खालील खटला रद्द करण्यास नकार दिला. कलम ७९ हे त्याच कलमाचे नवे रूप आहे.

प्रश्न : वरिष्ठ अधिकारी रात्री उशिरा कामाच्या निमित्ताने संदेश पाठवतात आणि मग गोष्ट माझ्या दिसण्यावर, एकटेपणावर नेतात. हे कार्यालयाच्या वेळेत किंवा जागेत घडत नाही. अंतर्गत समिती दखल घेईल का?

उत्तर : घ्यायला हवी. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात शाब्दिक आणि अशाब्दिक अशा दोन्ही नकोशा लैंगिक वर्तनाचा समावेश आहे, आणि नोकरीच्या ओघात उद्भवणाऱ्या स्थळांपर्यंत ‘कामाचे ठिकाण’ पसरते. त्यामुळे घड्याळाचा किंवा चार भिंतींचा आधार वरिष्ठांना घेता येत नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. समितीकडे गेल्यामुळे पोलिसांचा मार्ग बंद होत नाही. उलट तुम्हाला फौजदारी तक्रार करायची असल्यास साहाय्य करणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

प्रश्न : पती माझा फोन उघडून संदेश वाचतात, त्यात मी कुठे आहे हे कळणारे अॅपही टाकले आहे. पतीला हा हक्क असतो का? घटस्फोटाच्या दाव्यात ते माझे संदेश वापरू शकतील का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितले, आणि विवाह झाल्याने तो कोणाकडे सोपवला जात नाही. कलम ७८ मधील पाळतीच्या तरतुदीत ‘कोणताही पुरुष’ असे शब्द आहेत. पतीला अपवाद केलेला नाही. मात्र अशा परिस्थितीत बहुतेक स्त्रियांना पतीला तुरुंगात पाठवायचे नसते, त्रास थांबवायचा असतो, म्हणून मी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याकडे लक्ष वेधेन. त्यात मानसिक छळाचा समावेश आहे आणि कलम १८ नुसार न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात. त्या आदेशात इलेक्ट्रॉनिक किंवा दूरध्वनीवरील संपर्कालाही मनाई करता येते. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ते अॅप काढून टाकण्यापूर्वी माहितगार व्यक्तीकडून त्याची नोंद करून घ्या, आणि घरात हिंसेची शक्यता असेल तर ते काढण्याची वेळही विचारपूर्वक निवडा, कारण पाळत तुटल्याचे पाळत ठेवणाऱ्याला लगेच कळते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून स्वीकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. शिवाय कुटुंब न्यायालयांना पुरावा स्वीकारण्याबाबत कायद्यानेच मोकळीक दिलेली आहे. त्यामुळे संदेश न्यायालयात येणारच नाहीत, असे गृहीत धरू नका. एखादा पुरावा ग्राह्य असणे आणि तो मिळवण्याची कृती कायदेशीर असणे या वेगळ्या बाबी आहेत, आणि ग्राह्य पुरावाही न्यायालयाला पटावा लागतोच.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला एक अनोळखी माणूस समाजमाध्यमावर छायाचित्रे मागतो. तिने एक पाठवले. मी ते नातेवाइकांना दाखवून सल्ला घेऊ का?

उत्तर : कृपया ते छायाचित्र कोणालाही पुढे पाठवू नका, सल्ल्यासाठीसुद्धा नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या लैंगिक स्वरूपाच्या चित्राचे प्रसारण हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब खाली गंभीर गुन्हा आहे, आणि पालकांच्या चांगल्या हेतूनेही ते चित्र आणखी चार फोनांत पोहोचते. मुलीचा फोन आहे तसा ठेवून थेट पोलिसांकडे जा. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे पोक्सोमध्ये, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून मुलांना वारंवार गाठणे हाही लैंगिक छळ मानला आहे, आणि तिचा जबाब घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, गणवेशात नसलेल्या, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. तिने एक चूक केली असेल, पण गुन्हा तिने केलेला नाही; हे पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी तिला घरातच सांगा.

प्रश्न : एका शिकवणीतील शिक्षकांनी माझ्याशी केलेल्या गैरवर्तनाविषयी मी समाजमाध्यमावर लिहिले. आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे. मजकूर काढून माफी मागा, नाहीतर बदनामीचा खटला आणि मोठी भरपाई. मी काय करावे?

उत्तर : वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, तरीही ती दुर्लक्षित करू नका आणि घाईने माफीही लिहून देऊ नका. तो कागद पुढे तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरला जाईल. बदनामी हा न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेचा गुन्हा असून तो अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत, त्या शिक्षकांना न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करावी लागेल. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. या कलमाला अपवाद आहेत आणि तुमचे उत्तर त्यांवर उभे राहील. लोकहितासाठी केलेले सत्य कथन बदनामी ठरत नाही, तसेच अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रारही ठरत नाही. दुसरा अपवाद पाहता, तुम्ही अद्याप कुठेही रीतसर तक्रार केली नसेल तर ती आता करणे हिताचे आहे, कारण नुसत्या समाजमाध्यमावरील मजकुरापेक्षा रीतसर तक्रारीला कायद्याचे संरक्षण अधिक मिळते.

पत्रकार प्रिया रमानी यांच्यावरील बदनामीच्या खटल्यात दिल्लीतील न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना निर्दोष ठरवताना, स्त्रीला आपली तक्रार तिच्या पसंतीच्या व्यासपीठावर आणि अनेक वर्षांनंतरही मांडता येते, असे म्हटले. हा कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय असल्याने इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातील विचार तुमचे वकील मांडू शकतील. तुमच्या मजकुरात जे घडले त्याचे वर्णन किती आहे आणि विशेषणे किती, हे एकदा तटस्थपणे वाचून पाहा. ‘अमुक दिवशी त्यांनी असे केले’ हे वाक्य तुम्ही स्वतःच्या साक्षीने सिद्ध करू शकता. ‘ते अनेक मुलींना असेच वागवतात’ हे वाक्य सिद्ध करायला त्या अनेक मुली लागतील. मजकूर तात्पुरता लोकांपासून दडवायचा असेल तर ‘आपले हक्क अबाधित ठेवून’ असे नोटिशीच्या उत्तरात नमूद करावे, आणि मूळ प्रत तुमच्याकडे असावी. नोटिशीतील मुदत संपण्यापूर्वी वकिलांमार्फत उत्तर पाठवा. शुल्काची अडचण असल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे, नोटिशीची प्रत जोडून, साध्या कागदावर अर्ज करता येतो.